सीमाभागातील विद्यार्थी आणि लोकाश्रय

कोणत्याही प्रदेशातील शिक्षणाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा संस्थांच्या स्थापनेची वर्षे, इमारतींचे पायाभरणी समारंभ आणि देणगीदारांची नामावली यांना त्यात अग्रस्थान मिळते, व ते योग्यही आहे. तथापि या इतिहासास आणखी एक अंग आहे आणि त्याच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेलेले आहे. परगावाहून विद्येसाठी आलेला मुलगा रात्री कोठे निजत होता, दोन वेळचे अन्न त्यास कोणाच्या घरी मिळत होते, फीस व पुस्तकांस पैसा कोठून येत होता, हे ते अंग होय. बेळगाव आणि निपाणी या परिसरापुरते बोलावयाचे तर या प्रश्नांची उत्तरे शोधल्यावाचून येथील महाविद्यालयांचा इतिहास उलगडतच नाही. येथील आरंभीची महाविद्यालये सरकारी हुकुमाने निघालेली नाहीत. ती लोकांनी काढली, लोकांनी पोसली, आणि त्यांत शिकणारी मुले लोकांच्याच अन्नावर वाढली.

प्रथम या प्रदेशाची ठेवण ध्यानी घ्यावयास हवी. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यातील निपाणी ही तंबाखूची नामांकित पेठ. तेथून बेळगाव सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, तर कोल्हापूर सुमारे चाळीस. निपाणीच्या उत्तरेस कागलचा मुलूख लागतो. हा मुलूख कोल्हापूर संस्थानच्या छत्राखालचा आणि निपाणी इंग्रजी अमलातील. म्हणजे या दोहोंमधून जाणारी रेघ १९५६ साली नव्याने ओढली गेली असे जे पुष्कळांस वाटते ते खरे नव्हे. ती त्यापूर्वीपासूनच होती. फरक एवढाच की तिच्यावरून बाजार, सोयरीक, यात्रा आणि विद्यार्थी यांची ये-जा चालू होती व तीस कोणी फारसे मनावर घेत नव्हते.

विद्यार्थ्यांस ती ओलांडण्यावाचून गत्यंतरही नव्हते. मॅट्रिक होईपर्यंतचे शिक्षण बेळगावात मिळे. पुढे जावयाचे तर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, १८८५ साली निघालेले पुण्याचे फर्ग्युसन, १९१७ साली सुरू झालेले धारवाडचे कर्नाटक कॉलेज किंवा १९१९ साली निघालेले सांगलीचे विलिंग्डन, यांपैकी एखादे गाठावे लागे. मराठी घरातील मुलगा धारवाडास जाई, कन्नड घरातील मुलगा कोल्हापुरास जाई. पुढे म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री आणि भारताचे उपराष्ट्रपती झालेले श्री. बी. डी. जत्ती हे जमखंडी भागातील कन्नड कुटुंबातले. त्यांचे उच्च शिक्षण कोल्हापुरात झाले. कन्नडचे थोर कवी वि. कृ. गोकाक यांनी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे व कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्यपद भूषविले, तर द. रा. बेंद्रे यांनी सोलापुरात अध्यापन केले. विद्येच्या क्षेत्रात दोन्ही भाषांचे माणूस एकमेकांच्या घरी असे सहज वावरत होते.

प्रश्न होता तो राहण्या-जेवण्याचा. जुन्या काळी यावर एक तोड होती. गरीब विद्यार्थी गावातील सात घरी सात वार लावून जेवत असे, किंवा माधुकरी मागून आणीत असे. या प्रथेने अनेक विद्वान घडविले, हे कृतज्ञतेने मान्य करावयास हवे. परंतु तिची मर्यादाही स्पष्ट आहे. ज्या जातीच्या मुलास त्या सात घरांच्या पंक्तीत बसता येत असे, त्यालाच वार मिळत. शेतकऱ्याचा, विणकराचा, चांभाराचा मुलगा तेवढाच बुद्धिमान असला तरी शहरात त्याच्यासाठी पान मांडलेले नसे. मॅट्रिकनंतर त्याचे शिक्षण थांबत असे ते पुष्कळ वेळा बुद्धीअभावी नव्हे, तर भाकरीअभावी.

ही अडचण ज्यांनी प्रथम पुरतेपणी ओळखली ते राजर्षी शाहू छत्रपती होत. कोल्हापुरात १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले व त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगही सुरू झाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०७ साली वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांसाठी आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. एका जातीचे एक बोर्डिंग ही योजना आज आपणांस खटकेल. परंतु एका पंगतीस बसणे हेच ज्या काळी अशक्यप्राय होते त्या काळी प्रत्येक समाजास आपापल्या मुलांची जबाबदारी उचलावयास लावणे हा व्यवहार्य मार्ग होता, आणि महाराजांनी त्यास जमीन, इमारत व द्रव्य यांचे साहाय्य देऊन तो मोकळा केला.

या योजनेतील उणीव ज्यास जाचली तो विद्यार्थीही याच भागाने दिला. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. पुढे त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंक्तीत बसून खात. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणासही लागू झाले. म्हणजे विद्यार्थी केवळ आश्रित न राहता आपल्या श्रमाने शिकू लागला.

दक्षिणेकडे हेच कार्य मठांनी आपल्या परंपरेतून केले. दासोह हा शब्द या ग्रंथाच्या वाचकांस नवा नाही. आलेल्यास अन्न द्यावे, त्याची जात वा गाव विचारू नये, हा त्यातील भाव. विसाव्या शतकात या भावास एक नवे रूप आले. अन्नाबरोबर आश्रय आणि आश्रयाबरोबर अक्षर, असे त्रिविध दासोहाचे स्वरूप ठरले व मठाच्या भोजनशाळेस लागून विद्यार्थ्यांचे प्रसादनिलय उभे राहिले. धारवाडच्या मुरुघामठाचे मृत्युंजय स्वामी आणि बेळगावच्या नागनूर रुद्राक्षी मठाचे शिवबसव स्वामी यांनी चालविलेली मोफत वसतिगृहे ही याची ठळक उदाहरणे होत. खेड्यांतून आलेल्या मुलांस त्यांच्यामुळे शहरात हक्काचे घर लाभले. बेळगावातील एका वस्तीस आज शिवबसवनगर हे नाव आहे, ते उगीच नव्हे. तुमकूरजवळच्या सिद्धगंगा मठात शिवकुमार स्वामींनी हेच व्रत आपल्या शतायुषी जीवनात हजारो मुलांपर्यंत नेले व त्यांत सर्व समाजांच्या मुलांस जागा दिली.

वसतिगृहे झाली; परंतु महाविद्यालय दूरच होते. ते जवळ आणण्याचे कार्य बेळगावात झाले. त्याची पूर्वपीठिका सौंदत्ती तालुक्यातील शिरसंगीचे लिंगराज देसाई यांच्या दानात आहे. १९०६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी आपली दौलत मृत्युपत्राने आपल्या समाजातील विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली होती. त्यानंतर दहा वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९१६ रोजी, सात तरुण शिक्षकांनी बेळगावात एक अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा काढली. तीच आजच्या कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीची, म्हणजे के. एल. ई. संस्थेची, मुहूर्तमेढ. या सातांस लोक आदराने सप्तर्षी म्हणतात. अल्प वेतनावर आजन्म सेवा करण्याचे त्यांचे व्रत पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या धर्तीवरचे होते. टिळक-आगरकरांच्या पिढीने पुण्यात जे बीज पेरले त्याचे एक रोप असे कन्नड मातीत रुजले.

१९३३ साली या संस्थेने बेळगावात लिंगराज कॉलेज सुरू केले. १९३९ साली कर्नाटक लॉ सोसायटीचे राजा लखमगौडा लॉ कॉलेज निघाले. १९४५ साली साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीने राणी पार्वतीदेवी कॉलेज काढले. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ या महाविद्यालयात अध्यापन केले, ही गोष्ट बेळगावकर अभिमानाने सांगतात. कवयित्री इंदिरा संत याही बेळगावच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवीत होत्या. अवघ्या बारा वर्षांत बेळगाव हे विद्यार्थी बाहेर पाठविणारे गाव न राहता बाहेरचे विद्यार्थी सामावून घेणारे गाव झाले. या संस्था एकेका समाजाच्या वा भाषेच्या पुढाकाराने निघाल्या हे खरे. परंतु वर्गाचे दार उघडल्यावर बाकावर शेजारी कोण बसेल हे संस्थापकांच्या हाती राहिले नाही. कन्नड संस्थेत मराठी मुले शिकली, मराठी संस्थेत कन्नड मुले शिकली, आणि दोघांनी उत्तरे लिहिली ती इंग्रजीत.

याच ओघात निपाणीस घडलेल्या एका घटनेचे स्मरण करणे अगत्याचे आहे. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणी येथे भरली व तिचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले. त्याच वर्षी जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले होते. ज्यांना वार मिळत नव्हते आणि ज्यांच्या समाजापाशी देणगी देण्यासारखी दौलतही नव्हती, त्यांनी आपल्या मुलांच्या शिक्षणाचा विचार जाहीरपणे मांडण्यासाठी जी गावे निवडली त्यांत निपाणी होते, हे या गावाने विसरू नये.

यानंतर राज्यांची व विद्यापीठांची फेरमांडणी झाली. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाचा आणि कर्नाटक विद्यापीठाचा जन्म झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला; त्यातील चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, परंतु वाद मिटला नाही. २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने घडले ते असे की, जी जुनी रेघ पूर्वी कोणी मनावर घेत नव्हते तिच्यावर आता अर्ज, दाखले आणि रहिवासाची प्रमाणपत्रे यांची चौकी बसली.

अशा वेळी, १९६० साली, जनता शिक्षण मंडळाने देवचंद शाह यांच्या नावाचे महाविद्यालय अर्जुननगर येथे सुरू केले. या महाविद्यालयाची जागा पाहिली म्हणजे सीमाभाग म्हणजे काय ते शब्दांवाचून कळते. अर्जुननगर निपाणीस लागूनच आहे. परंतु निपाणी कर्नाटकात व अर्जुननगर महाराष्ट्रातील कागल तालुक्यात. पत्रावर जिल्हा कोल्हापूर लिहावयाचा आणि पत्र यावयाचे निपाणीमार्गे. विद्यापीठ आरंभी पुण्याचे, व १९६२ च्या नोव्हेंबरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कोल्हापूरचे. सकाळी निपाणीतून निघालेला विद्यार्थी पायी चालत दुसऱ्या राज्यात शिकावयास जातो आणि दुपारी जेवणास आपल्या राज्यात परततो. कोगनोळी, सौंदलगा, अकोळ, जत्राट या कर्नाटकातील गावांची मुले आणि कागल, मुरगूड या बाजूची मुले येथे एका वर्गात येऊ शकली, ती कोणत्याही करारामुळे नव्हे, तर महाविद्यालय त्यांच्या वाटेवर उभे राहिले म्हणून.

या जवळिकीचा सर्वांत मोठा लाभ मुलींस झाला असे म्हणावयास हरकत नाही. वर ज्या बोर्डिंगांचा उल्लेख आला ती बहुतेक मुलग्यांची होती. मुलीस कोल्हापूर वा धारवाड येथे एकटी ठेवण्यास पालकांची छाती होत नसे. ज्या बापाने मुलीस परगावच्या वसतिगृहात कदापि धाडले नसते, तो तिला घरून जाऊन-येऊन शिकण्यास आडकाठी करीनासा होतो. महाविद्यालय गावात येणे याचा अर्थ काही मुलांच्या बाबतीत सोय एवढाच असेल. पुष्कळ मुलींच्या बाबतीत मात्र शिक्षण मिळणे वा न मिळणे इतका तो मूलगामी आहे.

महाविद्यालय गावाचे झाले की गावाचे दुःखही त्याच्या दाराशी येते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या व घरी विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांची स्थिती हलाखीची होती. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांना संघटित करण्यासाठी जे पुढे आले त्यांत देवचंद महाविद्यालयाचे प्राध्यापक सुभाष जोशी होते. ते पुढे निपाणीचे आमदारही झाले. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीस महामार्ग रोखून धरला आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. वखारीतील स्त्रियांच्या लढ्यावर १९८२ साली युगांतर या स्त्रियांच्या गटाने माहितीपटही काढला. विद्येचा उपयोग केवळ पदवी व नोकरी यांपुरता न ठेवता ज्यांच्या कष्टावर ही पेठ उभी राहिली त्यांच्या बाजूने उभे राहणारे शिक्षक येथे निघाले, हा या भागाच्या शैक्षणिक इतिहासाचा मोठा ठेवा होय.

दैनंदिन महाविद्यालयीन जीवनातही समाजाशी असे नाते जोडण्याची साधने आली. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना आली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि खेड्यात शिबिर करून रस्ते, बांध व विहिरींची कामे श्रमदानाने करणे हा शिक्षणाचा भाग ठरला. शिवाजी विद्यापीठानेही पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळात ‘कमवा व शिका’ योजनेस स्थान दिले. स्नेहसंमेलन, भित्तिपत्रक, वक्तृत्वस्पर्धा आणि वार्षिक अंक यांतून खेड्यातला बुजरा मुलगा चार लोकांसमोर उभे राहून बोलू लागला. पदवीच्या कागदावर याची नोंद होत नसली, तरी सहकारी संस्था, ग्रामपंचायती आणि शाळा पुढे ज्यांनी चालविल्या त्यांना ही शिदोरी उपयोगी पडली.

हे सर्व असले तरी सीमेवरील विद्यार्थ्याची वाट अद्याप निष्कंटक नाही. मराठी माध्यमात दहावी झालेला मुलगा पी. यू. सी. स गेला की त्यास कन्नड वा इंग्रजी वातावरणात उभे राहावे लागते. अर्जुननगरकडे वळला तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशवेळी रहिवासाचा प्रश्न पुढे येतो. महाराष्ट्र शासनाने आपला दावा असलेल्या ८६५ गावांतील विद्यार्थ्यांस आपल्याकडील प्रवेशासाठी पात्र धरले आहे, ही सोय मोलाची आहे. पण ती ठाऊक नसल्यामुळे तिला मुकणारी मुले असू शकतात. कन्नड भाषक विद्यार्थ्यासही महाराष्ट्राच्या बाजूस हीच कसरत उलट दिशेने करावी लागते. भाषेचा अभिमान दोन्ही बाजूंनी असावा. परंतु त्या अभिमानाची किंमत सोळा-सतरा वर्षांच्या मुलास वर्ष गमावून मोजावी लागू नये, एवढे तरी वडीलधाऱ्यांनी पाहिले पाहिजे.

शंभर-सव्वाशे वर्षांच्या या हकीकतीतून एक गोष्ट वारंवार दिसून येते. प्रत्येक संस्था आरंभी आपल्या माणसांसाठी निघाली. कोणी जातीसाठी काढली, कोणी भाषेसाठी, कोणी गावासाठी. तसे आरंभ करण्यात कमीपणा नव्हता. आपल्या माणसांची काळजी हीच लोकसेवेची पहिली पायरी असते. परंतु ज्या संस्थांनी तेथे न थांबता परक्यास आत घेतले त्यांचेच नाव सर्व समाजाच्या ओठी राहिले. जैन बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या मुलाने सर्वांसाठी पंगत मांडली. मठाच्या प्रसादनिलयात इतर समाजांची मुले जेवली. अर्जुननगरच्या वर्गात दोन राज्ये एका बाकावर बसली.

आजही परीक्षेचे निकाल लागले की आपल्या परिसरातील प्रत्येक गावात एखादा मुलगा, एखादी मुलगी अशी असते की जिचे पुढील शिक्षण केवळ राहण्या-जेवण्याच्या खर्चापायी अडते. वखारीत राबणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या आईची ती मुलगी असेल, ऊसतोडणीस जाणाऱ्याचा तो मुलगा असेल. त्याची भाषा आपली असेल वा नसेल. मठाच्या वर्धापनाचा उत्सव साजरा करणाऱ्या भाविकांनी आपल्या गावातील असे एक नाव मनाशी धरावे, त्याच्या प्रवेशाची, दाखल्यांची व निवाऱ्याची चौकशी करावी, आणि जे उणे पडेल ते चार घरांनी मिळून भरून काढावे. सात घरांचे सात वार पूर्वी एका मुलास विद्वान करू शकले. आता त्या सात घरांत कोणत्याही घरच्या मुलास व मुलीस पान वाढले जावे, हीच पूर्वसूरींच्या ऋणातून अंशतः उतराई होण्याची वाट होय.